देवरामने सांगितलेलं गाव

नाशिकरोडला सिन्नर फाट्याच्या बाजूला कुणालाही विचारा, इटलीवाला देवराम कुठं राहतो म्हणून. माणूस घर दाखवायला दारापर्यंत येईल. देवराम कोठुळे हा मुळात लग्नाकार्याचा आचारी. हजार माणसांची पंगत असली तरी शेवटच्या पानावरचा रस्सा पहिल्या पानासारखाच झणझणीत, ही त्याची ख्याती. ती एका सहल कंपनीच्या कानावर गेली आणि कंपनीने त्याला युरोपला नेलं. आपली माणसं हौसेने बर्फ बघायला जातात, पण संध्याकाळी वरणभात मिळाला नाही तर त्यांना तो बर्फही गोड लागत नाही. म्हणून कंपनी मसाले, कुकर आणि देवराम असं तिन्ही बरोबर न्यायची.

दर मे महिन्यात सहलीचा तीन दिवस मुक्काम इटलीतल्या मोंतेलुपारा नावाच्या गावाशी असे. गाव डोंगरावर, हॉटेल पायथ्याला. माणसं न्याहारी करून पायऱ्यांनी वर जात. वर जुना मनोरा, चौकातली विहीर, समोरच्या टेकडीत रोमनांच्याही आधीच्या लोकांनी खडकात कोरलेली थडगी, पलीकडे दरीत मठ. देवराम मागे राही. न्याहारीची भांडी, मग दुपारचे डबे, मग संध्याकाळचं पिठलं. हॉटेलवाला स्वयंपाकघर ठरल्या वेळेलाच उघडून देई, त्यामुळे सारखी घाई. खिडकीतून एक भिंत आणि कचऱ्याचे तीन डबे दिसत. नऊ वर्षांत देवरामने मोंतेलुपाराचं एवढंच पाहिलं.

पहिल्या वर्षी तो परत आला तेव्हा घरात सगळा शेजार जमला होता. "काय काय पाहिलं?" आता एवढ्या माणसांना काय सांगणार, कचऱ्याचे डबे? जेवताना प्रवासी जे बोलत, ते वाढता वाढता त्याच्या कानावर पडलेलं होतं. त्याने तेच सांगितलं, आणि कमी पडलं तिथं पदरचं घातलं. थडगी त्याने हुबेहूब पांडवलेण्यांसारखी करून टाकली. मनोऱ्यात एक भलीमोठी घंटा बसवली आणि ती दर तासाला वाजवली. त्याची बायको संध्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होती. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण ती आपलं बोलणं इतकं जीव लावून ऐकतेय, असं त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं. तिथेच गडी फसला.

मग दरवर्षी गाव वाढतच गेलं. हळदीकुंकवाला संध्या बायकांना मोंतेलुपारा असं सांगायची, जसं काही तिचं माहेरच. तिसऱ्या वर्षी देवराम बोलता बोलता विहीर उजवीकडे म्हणाला, तर तिनेच दुरुस्त केलं, "डावीकडं, अहो. पायऱ्या संपल्या की डावीकडं."

आणि एक दिवस तिने विचारलं, "मला न्या ना एकदा. भांडी घासीन, पोळ्या लाटीन. पण त्या पायऱ्या चढायच्यात मला."

यात अवघड काहीच नव्हतं. सहल सांभाळणारी तेजस्विनी तर स्वतःच मागे लागली होती, "काका, काकूंना आणा की. मलाही दोन हात मिळतील." पण संध्या आली असती, तर पहिल्याच सकाळी सगळं उघडं पडलं असतं. म्हणून देवरामने तेजस्विनीला सांगितलं, बायको विमानाला भिते. आणि बायकोला सांगितलं, कंपनी परवानगी देत नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण चारचौघांत पडलेलं नाव जपायला त्याने घरच्याच माणसाला फसवलं, आणि हे एकदा नाही, चार वर्षं.

त्या चार वर्षांत संध्याचे गुडघे गेले. आधी जिना चढताना धरायचे, मग खाली बसणं बंद झालं, मग देवळाच्या पाच पायऱ्यांनाही कठडा लागू लागला. ती मोंतेलुपाराचं नाव काढेनाशी झाली. देवरामच्या ते लक्षात आलं होतं. त्याला आतून बरंच वाटलं, ही गोष्ट त्याने पुढे स्वतःला कधी माफ केली नाही.

मग तेजस्विनी कुणाच्या तरी लग्नाला नाशिकला आली आणि घरी डोकावली. चहा घेताना म्हणाली, "काय काकू, गेली का विमानाची भीती?"

देवरामच्या हातातली बशी तशीच राहिली. संध्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेली."

बस. नंतर तिने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या मे महिन्यात दोघं बरोबर गेली.

मोंतेलुपाराला दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने सकाळीच डबे भरून घेतले आणि दोघांना दुपारची सुट्टी दिली. पायऱ्या दगडी, झिजलेल्या, आणि कठडा नावाला नाही. देवरामने तिचा दंड धरला. तिसाव्या पायरीला ती खाली टेकली. तोंड घामाने डबडबलेलं.

"नाय जमायचं. तुम्ही जाऊन या. नेहमीसारखं मला सांगा."

तो वर गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. विहीर डावीकडेच होती, तिच्यावर लोखंडी जाळी होती. मनोऱ्यात घंटा नव्हती, पारवे होते. चौकाच्या कठड्यावरून समोरच्या टेकडीत थडग्यांची दारं दिसत होती, इतकी ठेंगणी की माणसाला वाकूनच जावं लागावं. पांडवलेण्यांचा काडीचा संबंध नव्हता. खाली मठ आणि पिवळं शेत. इतकं सुंदर होतं की त्याला रडू यायला लागलं. "ते बघ," म्हणून त्याने हात उचलला, आणि शेजारी कुणी नव्हतं.

तो खाली आला. संध्या होती तिथेच बसलेली.

"घंटा वाजली का हो? मला नाय ऐकू आली."

"घंटा नाय तिथं."

"काढली?"

"कधी नव्हतीच. संध्या, मी आज पहिल्यांदा वर गेलो. नऊ वर्षं मी खाली भांडी घासत होतो. ते सगळं लोकांचं ऐकून सांगितलं तुला."

संध्याने वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"म्हणून मला आणलं नाय?"

"म्हणून."

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटती. एवढ्या शिकलेल्या लोकांत ही अडाणी बाई कशाला, म्हणून. चार वर्षं मी तेच मनात धरून बसले."

"तसं नव्हतं गं," एवढंच देवराम दोनदा म्हणाला.

"आधी सांगायचं ना," संध्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गुडघे धड होते तेव्हा. दोघंही पहिल्यांदाच चढलो असतो."

तिने उठायला हात पुढे केला. चार वाजता स्वयंपाकघर उघडणार होतं, आणि तीस पायऱ्या उतरायला तिला तोवरचा सगळा वेळ लागणार होता.