छपरावरून विचारलेलं "आलं का?"

"वरच्याला काही दिसत नसतं. खालच्याने खरं सांगायचं."

अँटेनावाले काका हे वाक्य प्रत्येक घरात म्हणत, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी. पाना खिशात, वायरचं वेटोळं खांद्यावर आणि नजर त्या घरातल्या माणसाच्या तोंडावर. मग ते छपरावर जात आणि अँटेना केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत. खालून कोणी कंटाळून "आलं, आलं" म्हटलं, तर त्यांना आवाजावरूनच कळे. "नीट बघून सांगा," ते वरून ओरडत, "मी काय इथे हवा खायला चढलोय?"

त्यांच्या स्वतःच्या घरी खाली टीव्हीपाशी उभ्या राहायच्या त्या काकू, त्यांची बायको. जुन्या टीव्हीच्या काळापासून. "आलं का गं?" अशी वरून हाक आली, की खिडकीतून उत्तर जाई, "बातम्यांवाली आली, पण तिला दोन नाकं आहेत!" काका अँटेना थोडी वळवत. "आता?" "आता दीड!" समोरच्या घरातली माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसत. पुढे नवे टीव्ही आले. दोन नाकं दिसायची बंद झाली. चित्र एक तर लख्ख यायचं, नाहीतर चौकोनांत फुटायचं. तरी काकू आपलं म्हणायच्याच, "एकच नाक आहे, उतरा आता, जेवण गार होतंय."

सून हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला असं बोलायला कधी जमलं नाही. ती मुळात कमी बोलणारी, आणि घरात बोलणारं माणूस असताना तिला कोणी बोलायला लावलंही नव्हतं. नवरा परगावी नोकरीला. घरात ती, सासू आणि सासरे.

थंडीत काकू गेल्या. त्यानंतर घर पायाखालच्या फरशीसारखं गार पडलं. कोणी मोठ्याने रडलं नाही. काका सकाळी उठत, अंघोळ करत, खुर्चीत बसत. चहा दिला तर "बरं". जेवायला वाढलं तर "बरं". बाहेरची कामं त्यांनी हळूहळू सोडून दिली. सुनेलाही आत काही हलत नसे. ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, आणि संध्याकाळी तिला आठवायचं नाही की दिवसभर आपण काय केलं.

मग एकदा काका पन्हळातला पाला काढायला चढले आणि उतरताना त्यांचा पाय सटकला. सून खाली होती. तिने शिडी छातीशी आवळून धरली म्हणून ते वाचले. तिने ते नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"शिडी घरात ठेवूच नकोस," तो म्हणाला. "दिसली की ते चढणारच. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला देऊन टाक. टीव्ही चालतोय ना? मग छपरावर काम काय आहे त्यांचं? बाबांना दे फोन."

काकांनी फोन कानाला लावला, ऐकलं, "बरं" म्हणाले आणि फोन तिच्या हातात परत दिला.

रंगारी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. त्याच सकाळी टीव्हीचं चित्र फुटलं. बातम्यांवाली बोलता बोलता चौकोनांत विखुरली, आवाज अडखळला आणि पडदा काळा झाला.

काका खुर्चीतून उठले. भिंतीला टेकवलेल्या शिडीपाशी गेले.

"बाबा, मी बोलावते कुणाला तरी."

"मला सोडून कुणाला?" ते म्हणाले. काकू गेल्यापासून तिने त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते तिच्याकडे वळले. "वरच्याला काही दिसत नसतं, सूनबाई. खालच्याने खरं सांगायचं."

ते छपरावर पोचेपर्यंत तिने शिडी धरून ठेवली. मग ती आत टीव्हीपाशी गेली.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही, बाबा."

"आता बघ. जरा डावीकडे घेतली."

"चौकोन दिसतायत. गेले."

पत्र्यावर त्यांची पावलं वाजत होती. आवाजात धाप होती, पण आवाज होता. असं किती वेळा विचारलं, किती वेळा सांगितलं. थंडीपासून एवढं बोलणं या घरात झालं नव्हतं.

आणि मग तिला ते खटकलं. काका नेहमी सांगत, आधी टीव्हीच्या मागे बघा, मग वायर, मग बूस्टर, आणि छप्पर अगदी शेवटी. आधी छपरावर धावणाऱ्यांना ते हसायचे. आज ते टीव्हीच्या मागे गेलेच नव्हते.

नाही, गेले होते. पहाटे. हातात फडकं घेऊन, धूळ पुसायला.

तिने टीव्हीच्या मागे हात घातला. वायरचा नट सुटून लोंबत होता. तो आपोआप सुटणारा नव्हता. काकांनी आवळलेला नट पान्याशिवाय हलत नसे. तिने वायर जागेवर बसवली आणि नट बोटांनी फिरवला. बातम्यांवाली लख्ख समोर आली, केसांची बट न् बट दिसत होती.

"आलं का?" वरून विचारणा झाली.

नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी शिडी राहिली असती. तिने पडद्याकडे पाहिलं. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. छातीशी आवळलेली शिडी तेवढी आठवली, तिचा तो हिसका.

"आलं, बाबा," ती खिडकीतून म्हणाली. आणि मग, कुठून ते कळलं नाही, "एकच नाक आहे. उतरा आता."

पत्र्यावरची पावलं थांबली.

"नट आवळलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हाताने?"

"हाताने."

"पान्याने आवळायला हवा," ते म्हणाले. "थांब, येतो."

ती शिडी धरायला बाहेर धावली. ते पायरी पायरी चाचपत उतरले, आत गेले, पान्याने नट आवळला आणि पाना टीव्हीवर ठेवून दिला.

दुपारी रंगारी आला. "काका, मी नेतो हो एकटा."

"एकट्याने नेलीस की मागचं टोक कुणाच्या तरी खिडकीत घुसेल. पुढचं धर."

"मग मागून ढकलू नका म्हणजे झालं."

"चल रे, बाष्कळपणा पुरे."

त्यांनी मागचं टोक खांद्यावर घेतलं. रंगारी पुढे, मध्ये शिडी, मागे ते. त्याच्या चालीला चाल जुळवत ते रस्त्याने निघाले. एकदा त्यांनी खांदा बदलला. मागे वळून पाहिलं नाही.

काकू जिथून ओरडायच्या त्या खिडकीत सून उभी होती. पाठीमागे बातम्या चालू होत्या. शिडीचं मागचं टोक कोपऱ्यावर वळेपर्यंत ती पाहत राहिली.