लोणच्याच्या बरणीमागे

इन्सुलिन चोरासारखं टोचून घेणाऱ्या माझ्या बहिणींनो, भावांनो,

लग्नघराच्या बाथरूममध्ये कडी लावून पोटात सुई खुपसणारे तुम्हीच ना?
"गोड फार खाल्लं असशील," हे निमूट ऐकून घेणारेही तुम्हीच.

माझी धाकटी बहीण वृंदा तुमच्यातलीच. तिला जाऊन आज वर्ष झालं.

शाळेत असताना तिला टाइप वन डायबेटिस झाला. शरीरानंच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. यात साखरेचा काय दोष?
पण कोलकात्यात, बेहालातल्या तिच्या घरी, बंगाली शेजारीण मिठाईची वाटी पुढे करायचीच. "एकटा मिष्टी खाओ, किछु होबे ना!" एक तरी खा, काही होत नाही.
वृंदा हसायची. "बौदी, म्हणजे वहिनी, बंगालात जन्मून संदेशाची मिठाई न खाणारी मी. पाप आधीच लागलंय."

जाण्याच्या आदल्या वर्षी ती एका संशोधनात सहभागी झाली. त्या पेशी शोधून त्यांना चिकटणारं, किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. मग कॅमेरा पोटात बघतो.

काळं चित्र.
औषध बाहेर टाकणारी दोन मूत्रपिंडं, निखाऱ्यासारखी.
आणि मधे, स्वादुपिंडाच्या जागी, पुसट उजेड.

डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांनी काही दिसेल असं वाटलं नव्हतं. थोड्या उरल्यात बहुतेक."

तिनं मला फोन केला. कुजबुजत.
"ताई, आत कुणीतरी आहे अजून."
"भूतबीत आहे की काय!"
"भूतच गं. मेली समजून आपण दिवे मालवले, आणि ती आत अंधारात बसून होती."

पुढे कधीतरी याच वाटेनं उपचारही नेमका त्या पेशींपर्यंत नेता येईल, असं तिला सांगितलं होतं. कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
"तोवर सांभाळायचं यांना," ती म्हणायची. पोटावर हात ठेवून, गर्भार बाईसारखी.

मग तिच्या मुलीला, मैथिलीला बघायला नागपूरची मंडळी आली. आपल्याकडे अशी माणसं घरीच उतरतात. आणि पाहुण्या बायका हक्कानं फ्रिज उघडतात.

"आईला आहे म्हणजे मुलीलाही होणार, असं म्हणतील," वृंदा नवऱ्याला म्हणाली.

इन्सुलिन गेलं फ्रिजच्या अगदी मागे, थंड भिंतीला चिकटून, लोणच्याच्या बरणीआड. शुगर मोजायचं यंत्र कपाटात, कुलपात.

तिथे ते गोठलं. बाहेर काढलं की वितळायचं. निकामी झालेलं ते औषध ती नकळत टोचत राहिली.

उलट्या सुरू झाल्या तेव्हा म्हणाली, "दगदग झाली, दुसरं काही नाही."
पाहुण्यांना स्टेशनवर पोचवून शिरीषराव, तिचा नवरा, घरी आले तोवर ती बेशुद्ध होती. पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

आज त्यांनी माझ्यासमोर फ्रिज उघडला. बाटली अजून तिथेच.
"हात लावायचा धीर होत नाही, ताई."

मी ती बाहेर काढली. बर्फ वितळू दिला. खिडकीच्या उजेडात धरली.
आत बारीक पांढरे कण हलत होते.

शेजारी माझ्या फोनमधलं तिचं ते चित्र धरलं. तोच पुसट उजेड. चितेनंतरही तसाच.
चित्रातल्या त्या पेशी अजून उपचाराची वाट बघतायत. त्यांना कुणी कळवलंच नाही.

वृंदे, तुला लाजेनं मारलं गं. आम्हा सगळ्यांच्या लाजेनं.

मित्रांनो, खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. आत्ता उठा. फ्रिज उघडा. इन्सुलिन मागच्या भिंतीपासून काढून दाराच्या कप्प्यात ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. गोठलं असेल तर फेकून द्या, नवं आणा.

कुणी विचारलं, "हे कुणाचं?"
तर नाव सांगा.