काळी आहे, पण...

शनिवारी इथे कॅनडात, स्कारबरोच्या लायब्ररीत माझ्या दहा वर्षांच्या लेकीने, जेनिसने, चारचौघांत माझी लाज काढली. चूक तिची नव्हती, हे आधीच सांगते.

जेनिसच्या शाळेत मिस पॉलेट म्हणून एक आर्टिस्ट येतात, चित्रकला शिकवायला. मूळच्या जमैकाच्या, साठीच्या आसपास. त्यांचं प्रदर्शन लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये लागलं होतं आणि नंतर मुलांचं वर्कशॉप होतं, त्यासाठी घरातला स्वतःचा एक फोटो न्यायचा होता. मला खरं तर ग्रोसरी करायची होती, पण पोरगी हट्टालाच पेटली... मग काय, गेले.

हॉलभर बायकांची चित्रं. सगळ्या काळ्या, सगळ्या दारापेक्षा उंच. कुणाचे केस फ्रेममध्ये मावत नव्हते, कुणाच्या डोक्याला पिवळंजर्द फडकं, नाकं ओठ जसेच्या तसे रुंद, लपवाछपवी नाही. एकही बाई 'मी छान दिसते ना' असं विचारत नव्हती.

एका चित्रासमोर मी थांबले. चर्चला निघालेली म्हातारी, डोक्यावर पांढरी हॅट, आणि चेहऱ्याचा काळा रंग असा की त्यात निळा, तांबडा सगळं दिसत होतं. आवडलं मला, शपथेवर सांगते. कौतुकाने बोलून गेले, "काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे गं!"

मराठीत बोलले ना... इथे कोणाला कळतंय! इतकी वर्षं बसमध्ये, लाइनीत, लोकांच्या तोंडावर मी मराठीत वाट्टेल ते बोलत आलेय. मिस पॉलेट नेमक्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी हौसेने जेनिसला विचारलं, मम्मा काय म्हणाली? आणि माझ्या गुणी लेकीने इंग्लिशमध्ये जसंच्या तसं सांगितलं. 'बट'सकट.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी आपली "नो नो, इट्स अ कॉम्प्लिमेंट" करत राहिले... ते आणखीनच वाईट.

त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, ही माझी आई. हेच वाक्य आमच्या चर्चबाहेरच्या बायका मला लहानपणी म्हणायच्या, तुमच्या त्या 'बट'सकट. मग आई दर शनिवारी गरम फणीने माझे केस सरळ करायची, कान भाजायचे. तिला तिच्या खऱ्या रंगात मी रंगवलं, ते ती गेल्यावर... तिने बघायला हवं होतं.

मला सॉरीसुद्धा धड म्हणता आलं नाही.

वर्कशॉप सुरू झालं. जेनिसने बॅगेतून फोटो काढला. आमच्या हॉलमधला, फ्रेममधून गुपचूप काढलेला, दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये झालेल्या तिच्या फर्स्ट कम्युनियनचा फोटो! पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती... आणि चेहरा गोरापान.

जेनिस तिच्या बाबावर गेलीये, चांगली काळीसावळी आहे. स्टुडिओवाल्याने विचारलं होतं, थोडा ब्राइटन करू का? मी म्हटलं, करा ना. वसईला सगळ्यांना पाठवायचा होता. आईचा लगेच फोन, "कॅनडाला जाऊन पोर उजळली गं!" आणि मी खूश. काय सांगू, खरंच खूश झाले होते.

पोरीने आपलं मनगट फोटोशेजारी धरलं आणि तपकिरी रंग कालवायला घेतला. थोडा लाल, परत मनगट, थोडा पिवळा... आणि ब्रश सरळ फोटोतल्या चेहऱ्यावर! मी ओरडलेच, "अगं, फोटो खराब करतेस!"

मान वर न करता ती म्हणाली, "आय ॲम फिक्सिंग इट, मम्मा."

रागाने नाही हं. स्पेलिंग मिस्टेक दुरुस्त करावी तशी. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी स्टुडिओत मी तिथेच होते."

दोन वर्षं ही पोर रोज त्या फोटोखाली बसून नाश्त्याचं सिरियल खात होती. आणि मी समजत होते, लहान आहे, तिला काय कळतंय! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. अजून वाटतेय, हे लिहितानाही.

फोटो परत भिंतीवर लागलाय. हनुवटीजवळ रंग जाड झालाय, कानापाशी स्टुडिओचा गोरेपणा थोडा उरलाय. मिस पॉलेटना मी नंतर सॉरीचा लांबलचक मेसेज पाठवला. त्यांचं उत्तर आलं, जेनिसला पुढच्या शनिवारी परत पाठवा. या बाईचे आभार कसे मानू, कळत नाही.

काल व्हिडिओ कॉलवर आईला मागे तो फोटो दिसला. "अगो बाय, पोरीला एवढी काळी कशाला केली?" जेनिस माझ्या शेजारीच बसली होती. तिला मराठी कळतं, हे आता मला चांगलंच माहितीये.

मी म्हटलं, "काळीच आहे ती, आई."

'पण' अगदी जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू... हुशार आहे, गाते किती गोड, काय काय सुचलं. सगळं गिळलं. जेनिस माझ्या तोंडाकडे बघत होती, वाक्य संपलं का ते बघायला.

संपलं होतं.