वाचवलेला रविवार

नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. कचेरीत हजर तिघं: साहेब, टायपिस्ट आणि हजेरीपट सांभाळणारी मी. टायपिस्टनं शनिवार आणि सोमवारची रजा मागितली. गगनबावड्याच्या शिबिरात शनिवारी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, पट्टी सोमवारी दुपारी सुटायची होती. "पट्टी सुटली की पयलं तुझंच तोंड बघणार," असं आईनं बजावलं होतं. तिच्या दोनच रजा उरल्या होत्या, आणि दोन्हीकडे रजा आली की मधला रविवारही रजेत धरायचा, असा आमचा नियम. मी म्हटलं, "सोमवारी सकाळी येऊन सही कर आणि अर्ध्या रजेवर परत जा. रविवार वाचेल." तिनं तसंच केलं. मंगळवारी ती पहिल्या एसटीनं आली. स्वेटरला डिझेलचा वास येत होता. सही करता करता म्हणाली, "डॉक्टर लवकर आलते, अक्का. आईनं पयलं नर्सचं तोंड बघितलं. पर तुमचा रविवार वाचला की." मी रकाना भरला. पुढं दुसऱ्या एका कारकुनाचा असाच मधला रविवार साहेबांनी नुसत्या विनंतीवर सोडून दिला. तिच्यासाठी मी त्यांना विचारलंच नव्हतं, हे तिला सांगायचं अजून राहिलंय.