साळवे सरांच्या नऊशे अठ्ठावीस पुस्तिका

साळवे सरांना मी खोटं पाडलं होतं. तेही लॅपटॉप समोर ठेवून, पुराव्यासकट.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हे सगळं ते असताना सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला माहीतच नव्हतं.

सर आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. रिटायर झाल्यावर लोक मॉर्निंग वॉक धरतात, सरांनी स्कूटर धरली.

हर्सूलला स्कूटरवर, सोयगावला एसटीनं. घरोघरी जाऊन जयंतीच्या स्मरणिका, भीमगीतांच्या पुस्तिका, गल्लीतल्या छापखान्यात निघालेली सोळा-सोळा पानांची चोपडी शोधायचे. जी कुठल्याच लायब्ररीत नाहीत ती.

आणायचे मात्र काहीच नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले,

"पुस्तक त्या घराचं हाय. आपण नाव लिव्हून घ्यायचं, चहा प्यायचा, निघायचं."

घरी आले की सगळं कंप्युटरवर टाइप करायचे. बिब फाइलमध्ये. कुण्या पीएचडीवाल्यानं शिकवलं होतं म्हणे.

साधी टेक्स्ट फाइल असते ती. प्रत्येक पुस्तिकेची एक नोंद. लेखक, शीर्षक, वर्ष, छापखाना, आणि नोंदीच्या डोक्यावर एक आयडी. एक कंस विसरला तरी बोंब.

सर एकही कंस विसरले नव्हते. मी तपासलंय.

गेल्या वर्षी, जायच्या चार महिने आधी, त्यांनी मला पेन ड्राइव्ह दिला. नुकताच अर्धांगवायूचा एक छोटा झटका येऊन गेला होता, उजवा हात थरथरायचा.

"लोकांला शोधता यावं असं कायतरी कर, माय. माझ्या माघारी ही फाइल कोन उघडनार?"

मी एकदम जोशात! अशा फाइली वाचायला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयार लायब्ररी मिळते. कोडची लायब्ररी, पुस्तकांची नव्हे. ती फाइल वाचते आणि प्रत्येक नोंदीचा एक ऑब्जेक्ट करून देते. त्या ऑब्जेक्टला काहीही विचारा, तो सांगतो.

सरांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजे पुस्तकालाच विचारायचं, तुझा लेखक कोन?"

"हो सर."

"आन ते सांगतंय?"

"लगेच."

"मंग मी काउंटरवर बसून तीस वर्षं काय करत व्हतो?" असं म्हणून इतके हसले की काकू आतून बघायला आल्या.

त्याच बैठकीत मी प्रोग्रॅम चालवून दाखवला.

स्क्रीनवर आकडा आला. ४१२.

सर म्हणाले, "तेराशे चाळीस हायेत."

"सर, चारशे बाराच आल्यात."

त्यांनी नोंदींची वही आणली. पानं उलटली. शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, १३४०.

आणि मी काय म्हणाले? अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, होतं असं. एकच पुस्तक दोनदा-तीनदा मोजलं गेलं असेल. मशीन मोजायला चुकत नाही."

सरांनी वही मिटली.

"आसंल, माय. डोकं चालंना आता."

मी चहा पिऊन घरी आले. वेबसाइट केली, ४१२ पुस्तिकांची. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही करून घेतलं.

गेल्या आठवड्यात सोयगावहून एका मुलीचा फोन आला.

"ताई, आमच्या आजीच्या नावावर एकच पुस्तक दिसायलंय. सरांनी तर आमच्या वसरीत बसून अकरा लिव्हून नेली व्हती. मीच वाचून दाखवली त्यांना."

फोन ठेवला. सरांची मूळ फाइल उघडली, नुसती, डोळ्यांनी वाचायला.

अकराच्या अकरा होत्या. अकराही नोंदींचा आयडी एकच. गावाचं नाव आणि आजीचं नाव.

सरांनी आयडी पुस्तकाला दिलाच नव्हता. घराला दिला होता. ज्या घरानं जपलं, त्याचं नाव वर.

लायब्ररीला हे कसं कळणार? एक आयडी दुसऱ्यांदा आला की ती नोंद तिच्या लेखी डुप्लिकेट. पण तिनं फेकलं काहीच नव्हतं. राहिलेल्या नोंदी एका वेगळ्या लिस्टमध्ये नीट ठेवल्या होत्या आणि वॉर्निंगही दिली होती.

वॉर्निंग मी बंद केली होती. सरांसमोर लाल ओळी बऱ्या दिसल्या नसत्या म्हणून.

ती लिस्ट मी वर्ष उलटून गेल्यावर उघडली. नऊशे अठ्ठावीस.

चारशे बारा ही पुस्तकं नव्हतीच. ती घरं होती.

काल काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"त्या दिशी तू गेल्यापासून रोज कुनाला तरी फोन लावायचे. 'तुमच्याकडं ते पुस्तक खरंच व्हतं का हो? का मलाच भास झाला?' लोक म्हनायचे व्हतं, व्हतं. पर ह्यांना वाटायचं, आजारी मानसाचं मन राखायलेत."

मला रडू आवरलं नाही. काकूंनी पाणी दिलं, म्हणाल्या, "मला नको सांगू. त्यांना सांग."

सरांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. म्हणून इथं लिहितेय, सगळ्यांसमोर. सरांवर शंका मी चारचौघांत घेतली नव्हती, पण माफी चारचौघांतच मागायची आहे.

वेबसाइट आज सकाळी दुरुस्त केली. घरांची नावं जशीच्या तशी ठेवलीत, पुढं फक्त नंबर घातलेत. सोयगावच्या आजीची अकराही दिसतात.

सर, तेराशे चाळीस.

मोजायला मी चुकले. तुम्ही काहीही विसरला नव्हता.

जय भीम, सर.