सोडताना दुखणारी दाढ

येलहंक्याच्या जुन्या गावात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत डॉक्टर नीरजा लाड हिचा दातांचा दवाखाना होता. १९९४ साली रत्नाबाई तिच्या खुर्चीत पहिल्यांदा बसल्या, त्या मनाशी ठरवूनच.

“उजवीकडचे खालचे सगळे काढून टाक,” त्या म्हणाल्या. “आता सोसवत नाही मला.”

वर्षभराहून जास्त काळ त्या डाव्या बाजूनेच जेवत होत्या. उजवीकडे घास गेला की कधीतरी मस्तकात जाणारी कळ यायची, आणि दुसऱ्या क्षणाला काहीच नाही. एक्स-रे स्वच्छ. कीड नाही, सूज नाही. एका डॉक्टरांनी संशयावरून दाढ काढली. दाढ गेली, कळ राहिली. दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. घरात कुणी विचारेनासं झालं. सोबत आलेली सून सुप्रीता दारातच हळू आवाजात डॉक्टरला म्हणाली होती, “मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून अत्तेंचं असं काहीतरी चालूच असतं.”

रत्नाबाईंनी ते ऐकलं होतं. नवरा गेल्याचं दुःख वेगळं आणि दाढेची कळ वेगळी, एवढं आपल्याला कळतं यावरही घरच्यांचा विश्वास नसावा, हे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

नीरजाने चिमटा उचललाच नाही. स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली.

“रत्नाक्का, एक सांगा. चावताना दुखतं, की चावून सोडताना?”

रत्नाबाईंनी मनातल्या मनात एक घास चावून पाहिला. “सोडताना,” त्या आश्चर्याने म्हणाल्या. “हो, दात उचलताना येते कळ.”

“सरी, बरं. आणि सुपारी दातांनी फोडता?”

“अडकित्ता हाताशी नसला की.”

मग नीरजाने एक लाकडी काडी घेतली आणि एकेका दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला लावली. चावा, सोडा. चावा, सोडा. घाई नव्हती. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट ताटकळले होते, तरी ती पुन्हा पहिल्यापासून तपासत होती. मागच्या दाढेच्या आतल्या टोकावर काडी आली आणि सोडताना रत्नाबाई खुर्चीतून उठायच्याच बाकी राहिल्या.

नीरजाने त्या दाढेला बाजूने बारीक दिव्याचा झोत लावला. अर्धी दाढ उजळली आणि मध्येच उजेड अडला. निळं औषध लावून पुसल्यावर तिथे केसाएवढी रेघ उरली. तिने आरसा धरला. “बघा. चिनीमातीच्या कपाला जातो ना, तसा तडा आहे. चावलं की स्वल्प उघडतो, सोडलं की मिटतो, तेव्हा आतली नस दुखावते. एवढा बारीक तडा एक्स-रेत सहसा दिसत नाही.” मग ती सुप्रीताकडे वळली. “तुम्हीपण बघा.”

सुप्रीताने वाकून पाहिलं. मग सासूच्या खांद्यावर तिने हात ठेवला. रत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

“मग काढतेस ना?” त्यांनी विचारलं.

“दाढ जिवंत आहे. जिवंत दाढ मी का काढू?” नीरजा म्हणाली. “तडा हाडासारखा भरून येत नाही, हे खरं. पण उघडायचा थांबवता येतो. आधी पट्टी घालून बघू. दुखणं थांबलं तर वरून टोपी बसवू. नाहीच थांबलं, तर पुढचं बघू. खात्री मी देत नाही.”

खात्री देत नाही असं सांगणारा डॉक्टर त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. आणि म्हणूनच त्यांचा विश्वास बसला.

नीरजाने दाढेची टोकं किंचित घासली आणि भोवती स्टीलची पातळ पट्टी घट्ट बसवली. पहिले काही दिवस बरे गेले. मग थंड पाणी झोंबायला लागलं. रत्नाबाई पुन्हा धावत आल्या. नस काढून टाकणं सोपं होतं, कुणी नावंही ठेवली नसती. नीरजा म्हणाली, “नस चिडली आहे, मेलेली नाही. तिला थोडा वेळ देऊ.” त्यानंतर ती स्कूटरवरून जातायेता त्यांच्या फाटकाशी थांबायची. “आज पाणी कसं लागलं?” एवढं विचारायची आणि निघायची. हळूहळू झोंबणं कमी झालं, मग थांबलं. तेव्हा कुठे तिने धातूची टोपी बसवली.

त्या संध्याकाळी रत्नाबाईंनी उजव्या बाजूने तांदळाच्या पिठाचा कडक निप्पट्टू चावला. सुप्रीता समोर बसून बघत होती. “दुखलं?” तिने विचारलं. रत्नाबाईंनी तोंड भरलेलं असतानाच ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि दुसरा उचलला.

नीरजाचा दवाखाना कधी फार मोठा झाला नाही. एका पेशंटला ती एवढा वेळ द्यायची की बाकीचे कंटाळून निघून जायचे. रत्नाबाई मात्र ओळखीपाळखीच्या सगळ्यांना तिच्याकडेच पाठवत.

चार-पाच वर्षांनी त्यांची डावीकडची दाढ दुखू लागली. नीरजाने तशीच काडी धरली, दिवा लावला, हिरडीत बारीक सळई घालून खोली पाहिली. मग तिने दिवा विझवला.

“अक्का, हा तडा मुळापर्यंत गेलाय. दाढेचे दोन भाग झालेत. ही नाही वाचणार.”

“पट्टी?”

“उपयोग नाही. घातली तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल.”

रत्नाबाईंनी खुर्चीवर डोकं टेकवलं. “मग काढ,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतेस म्हणजे ती गेलेलीच असणार.”

नीरजाने हात धुतले आणि सुई भरली. दाढ काढून झाल्यावरही ती कापूस धरून त्यांच्याशेजारी बसून राहिली, रक्त थांबेपर्यंत.