खडक्या मुंगसाची आई

गल्लीत त्यांना प्रश्नकाकू म्हणत. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर. काकूंना नावाचं काही वाटायचं नाही, वैताग यायचा तो लोकांच्या उठाठेवीचा. दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडल्या असताना डॉक्टर विचारायचे, "काय हो काकू, आपल्या देशातली सगळ्यात लांब नदी कोणती?" आता तोंडात कापूस, हिरडीत सुई, आणि माणसाने नदी सांगायची! बरं, सांगून तरी समाधान व्हावं? "पण माझा मेव्हणा तर दुसरीच सांगत होता." मग त्या मेव्हण्याचेच दात काढा की, असं काकूंच्या अगदी ओठांवर यायचं, पण ओठ बधिर असायचे.

काकूंचं कामच तसलं होतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक छोटं प्रकाशन होतं, आणि दर वर्षी तिथून 'ओळखा आपला देश' नावाचं पुस्तक निघायचं. देशातले प्राणी, पक्षी, डोंगर, नद्या, लोकांची नाचगाणी, विणकाम, घरं, सगळ्यांवर प्रश्न आणि खाली चार पर्याय. शाळा घ्यायच्या, नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलं घ्यायची. हे सगळे प्रश्न काकू काढत. खालून रबराचा वास, वरून पत्र्याचा ताप, आणि मधे काकू फोन कानाला लावून बसलेल्या.

फोन कशाला? तर तपासायला. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट सापडली तरी काकूंचा जीव भरायचा नाही. एका दरीतली माणसं शिट्ट्या वाजवून पलीकडच्या डोंगरावर निरोप देतात, असं कुठेतरी छापून आलं होतं. काकूंनी थेट त्या गावच्या पोस्टात फोन लावला. पोस्टमन म्हणाला, "कुठलं हो बाई! आता सगळ्यांकडे फोन आहेत. आमचे आजोबा वाजवायचे." झालं! काकू प्रकाशनाच्या मालकांसमोर उभ्या. "देतात काढा, देत असत करा." मालक म्हणाले, "अहो बाई, काय फरक पडतो?" त्यावर काकूंनी जे काही ऐकवलं ते खालच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं. प्रश्न बदलून छापला गेला.

अशा बाईच्या पुस्तकात खोटा प्राणी आला कसा, हे ऐकण्यासारखं आहे.

झालं असं, की काकू मरमर मरायच्या आणि दुसरे लोक आयतं उचलायचे. बाजारात एक पुस्तक आलं, मग दुसरं, त्यातले प्रश्न शब्दाला शब्द काकूंचे. मालक भांडायला गेले की ते काखा वर करायचे. "नदी काय तुमच्या मालकीची आहे का? आम्हीही शोधली." बोला आता! शेवटी मालकांनी एक युक्ती काढली. पुस्तकात कुठेतरी आत एक साफ खोटा प्रश्न घालायचा. ज्याच्या पुस्तकात तो सापडेल तो चोर. या प्रश्नाला ते बुजगावणं म्हणत. एका आवृत्तीपुरतं उभं करायचं, चोर पकडला की पुढच्या वर्षी काढून टाकायचं.

काकूंना ते मुळीच पटलं नव्हतं. "मी खोटं लिहिणार नाही," असं म्हणून त्या कितीतरी दिवस अडून बसल्या. पण एक दिवस घरून येतानाच त्यांचं डोकं फिरलेलं होतं. आदल्या दिवशी नवऱ्याशी खिडकीवरून वाजलं होतं. यांना वारा हवा, त्यांना नको. गृहस्थ उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत झोपायला निघून गेले, आणि सकाळी चहा पिताना भिंतीशी बोलावं तसे पेल्याशी बोलले. काकू कामावर आल्या, पदर खोचला आणि एका झटक्यात लिहून मोकळ्या झाल्या: जोडीदाराशी भांडण झाल्यावर कोणता प्राणी वेगळ्या बिळात झोपतो? अ) रानडुक्कर, ब) खडक्या मुंगूस, क) साळिंदर, ड) यांपैकी कोणताही नाही. उत्तर, ब.

मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चोरही पकडला गेला, एक नाही, तीन. ठरल्याप्रमाणे पुढच्या आवृत्तीतून काकूंनी मुंगूस काढून टाकला आणि सुटले एकदाची असं म्हणाल्या.

सुटतात कसल्या! लोकांना नदी लक्षात राहत नाही, डोंगराची उंची राहत नाही, पण हा मुंगूस राहिला. शाळेच्या तक्त्यावर आला. टीव्हीवरच्या प्रश्नांच्या खेळात आला. दर वेळी त्याला काहीतरी नवं फुटायचं. कोणी त्याला झुपकेदार शेपटी लावली, कोणी मादी आधी घर सोडते असं सांगितलं. एकाने तर तो डोळ्यांनी पाहिल्याचा व्हिडिओ टाकला, त्यात एक मांजर पळताना दिसत होतं. काकूंनी शाळेत सांगून पाहिलं, टीव्हीवाल्यांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर. "काकू, तुम्हाला माहीत नसेल. असतो तो." काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. जे खरं लिहिलं त्याच्यावर मेव्हण्याची शंका, आणि हे जे थाप म्हणून लिहिलं ते साऱ्या देशाला तोंडपाठ!

इथपर्यंत नुसता डोक्याला ताप होता. पुढे तो घरात शिरला.

काकूंची भाची त्यांच्याकडेच राहायची. धाकट्या बहिणीची मुलगी, आई गेल्यापासून मावशीकडेच वाढलेली. तिला जंगलात वाटाड्या व्हायचं होतं, सरकारी, गणवेशातली. पक्ष्याचा आवाज ऐकला की भाजी चिरता चिरता थांबायची आणि नाव सांगायची. लेखी परीक्षेत ठरलेले गुण मिळाले की मग जंगलातली चाचणी, आणि तिथे हिला हरवणारं कोणी नव्हतं. पण लेखीत दोनदा आपटली होती. ही शेवटची खेप. यापुढे वय बसत नव्हतं.

निकाल लागला आणि भाची एका गुणाने राहिली.

प्रश्नपत्रिका पाहिली तर त्यात खडक्या मुंगूस. घरातल्या त्या थट्टेवर ही मुलगी लहानाची मोठी झालेली, तिने बरोबर खूण केली होती, यांपैकी कोणताही नाही. चूक! गुण गेला.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी परीक्षा कार्यालयात जाऊन त्या साहेबांपुढे बसल्या.

"साहेब, हा प्राणीच नाही."

"कुठे नाही?"

"कुठेच नाही!"

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "असं कसं? तीन पुस्तकांत आहे."

"ती तिन्ही माझ्या पुस्तकावरून चोरलीत."

"म्हणजे तुमच्याही पुस्तकात आहे. चार झाली."

"अहो, मी बनवलाय तो!"

"बाई, मुंगूस कोणी बनवत नाही."

"मी बनवला! आणि पुढच्याच आवृत्तीतून काढूनही टाकला."

"काढलात?" साहेबांचा चेहरा पडला. "का, नामशेष झाला?"

काकूंनी हात टेकले. साहेब मात्र समजूत घालायला लागले. असं करा, तो प्राणी नाही असं लिहिलेलं एखादं पुस्तक आणा. काकू म्हणाल्या, नसलेल्या प्राण्यावर कोण पुस्तक लिहील? साहेब म्हणाले, तेच तर, असलेल्यावर मात्र चार आहेत. शेवटी एवढंच कबूल झालं, की सोमवारी सुनावणी ठेवू, जे सांगायचं ते तिथे सांगा, टाइप करून घेऊ.

काकू तशाच टायरच्या दुकानावर गेल्या. मालक सोमवारी येऊन दोन वाक्यं बोलले असते तर काम झालं असतं.

"बाई, तुमच्यासाठी काहीही करीन," मालक म्हणाले, "पण हे नाही. आम्ही मुद्दाम खोटं छापतो असं मी सरकारी कचेरीत बोलू? उद्या एक शाळा पुस्तक घ्यायची नाही."

"युक्ती तुमची होती, मालक."

"होती ना. मी कुठे नाही म्हणतो? पण इथे म्हणतो, तिथे म्हणणार नाही. तुम्ही जा, बोला, मी अडवणार नाही. पण बोललात तर पुढच्या आवृत्तीचं काम मला तुमच्याकडे देता यायचं नाही. मुंगसावाल्या बाईंचं पुस्तक म्हणून हसतील लोक."

काकूंना त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त संताप याचा आला, की माणूस खोटं बोलत नव्हता.

सोमवारी तिघं निघाली, काकू, भाची आणि काकूंचे यजमान. यजमानांना कोणी बोलावलं नव्हतं. ते स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. वाटेत भाची म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना. मी दुसरं काहीतरी बघेन." काकू तिच्यावर खेकसल्या, "काय बघशील? दुकानात बसून चिमण्या?"

साहेब, त्यांच्या शेजारी टाइप करणारी मुलगी, आणि समोर ही तिघं. काकूंनी चोर, युक्ती, बुजगावणं, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मनातून काढलं याला पुरावा काय?"

"पुरावा मी," यजमान म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"तो मुंगूस."

टाइप करणाऱ्या मुलीचा हात थांबला. यजमानांनी घसा खाकरला आणि खिडकीपासून उशीपर्यंत सगळं सांगितलं, अगदी पेल्याशी बोलल्याचंही. कान लाल झाले त्यांचे, पण सांगितलं. साहेब पुढे सरकून ऐकत होते. "बाहेरच्या खोलीत पंखा आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि एकदम सरळ बसले.

"मला पटलं, बाई. हा प्रश्न रद्द झाला की सगळ्यांना एक गुण मिळेल, तुमच्या मुलीलाही. पण मला पटून भागत नाही. चार पुस्तकं आहेत. एकेका पुस्तकातला एकेक प्रश्न खोडत बसायची सोय नाही आमच्याकडे. पुस्तक धरायचं तर अख्खं, सोडायचं तर अख्खं. बाकीची तिन्ही तुमच्यावरून निघाली म्हणता ना? मग तुमचंच पुस्तक भरवशाचं नाही, असं तुम्ही स्वतः सांगा. चारही एकदम बाद होतील."

"एकच प्रश्न खोटा होता, साहेब. बाकी..."

"अर्धं बाद करता येत नाही."

"अहो, फोन करून करून विचारलंय मी एकेक! गावोगावच्या पोस्टात!"

"येत नाही, बाई. खरंच येत नाही."

भाचीने त्यांचा हात घट्ट धरला. "मावशी, नको. हे नको बोलूस. ऐक माझं."

काकूंनी हात सोडवून घेतला आणि एका दमात बोलून टाकलं. "'ओळखा आपला देश' हे पुस्तक मी लिहिलेलं आहे आणि त्यातली माहिती भरवशाची नाही."

टाइप करणारी मुलगी गडबडली. "बाई, परत सांगता का? जरा हळू."

देवा रे! काकूंनी डोळे मिटले. मग एकेक शब्द सुटा करून, ती मुलगी टाइप करेपर्यंत थांबत थांबत, त्यांनी ते सगळं परत सांगितलं. माहिती. भरवशाची. नाही.

"प्रश्न रद्द," साहेब म्हणाले. "मुलीला चाचणीला बोलावणं येईल."

बाहेर आल्यावर काकू कचेरीच्या पायरीवर मटकन बसल्या. यजमान पाणी आणायला धावले. भाची शेजारी बसली आणि रडायलाच लागली. आता हिला काय झालं? गुण मिळाला ना?

"बाकी सगळं तर खरं होतं ना गं, मावशी."

"सगळं," काकू म्हणाल्या. "एकूण एक." आणि मग त्यांनाही रडू आवरेना.